आवाज पंख्याचा, उगम व्होल्टेजात

संगणकाचा प्रोसेसर उत्पादकाने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा अधिक वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. या जादा वेगाची किंमत आधी उष्णतेत आणि मग ती उष्णता बाहेर टाकणाऱ्या पंख्याच्या आवाजात मोजावी लागते. हा आवाज कमी करण्याच्या ज्या घरगुती युक्त्या प्रचलित आहेत, त्यांतल्या बहुतेक थंड देशांतल्या, वीस-बावीस अंशांच्या खोल्यांत जन्मलेल्या असल्यामुळे सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, माण नदीकाठी वसलेल्या म्हसवडसारख्या गावात त्या जशाच्या तशा लागू पडत नाहीत. पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान चाळिशीला टेकते, हवा कोरडी असते आणि धूळ बारमाही असते. या तिन्ही गोष्टींचा संगणकाच्या थंडाव्याशी थेट संबंध आहे.

उष्णता मुळात येते कोठून, हे आधी पाहिले पाहिजे. प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे सूक्ष्म स्विच असतात, आणि प्रत्येक उघडझापीत थोडा विद्युतभार भरला जाऊन रिकामा होतो व तेवढी ऊर्जा उष्णतेत जाते. ही उष्णता वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते. व्होल्टेजच्या बाबतीत मात्र ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग चारवरून ४.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे दहा टक्क्यांनी वाढवला आणि तो पेलावा म्हणून व्होल्टेज १.२०वरून १.३२वर, म्हणजे तेही दहाच टक्क्यांनी चढवले, तर १.१चा तीनदा गुणाकार होऊन उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते आणि १०० वॅटचा प्रोसेसर १३३ वॅटचा होतो. दहा टक्के वेगासाठी एक-तृतीयांश जादा उष्णता हा व्यवहार फारसा किफायतशीर नाही. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर बसची, म्हणजे त्याला इतर भागांशी जोडणाऱ्या विद्युतमार्गाची, गती ६६ मेगाहर्ट्झवरून १०० करताच ३००ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर पळू लागे, आणि दीडपट वेगाची ती फुकटची कमाई पाहून जगभर ओव्हरक्लॉकिंगची हौस फोफावली. आजचे प्रोसेसर तापमान व वीजमर्यादा पाहून स्वतःच आपली गती वरच्या टोकापर्यंत नेत असल्यामुळे हौशी माणसासाठी शिल्लक उरलेला वाटा बराच लहान आहे.

निर्माण झालेली उष्णता प्रोसेसरच्या धातूच्या टोपणातून थर्मल पेस्टच्या, म्हणजे उष्णतावाहक लेपाच्या, थरात, तेथून हीटसिंकमध्ये, म्हणजे पातळ पात्यांच्या धातूच्या ठोकळ्यात, आणि पात्यांवरून वाहणाऱ्या हवेत जाते. या संपूर्ण वाटेचा अडथळा दर वॅटमागे किती अंश तापमान चढते यावरून मोजतात. हा अडथळा ०.३ असेल तर १३३ वॅटला प्रोसेसर सभोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ४० अंशांनी तापणार, हे ठरलेले आहे: खोली २२ अंशांवर असेल तर ६२, आणि म्हसवडच्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या छपराखाली ती ४० अंशांवर असेल तर ८०. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःची गती आपोआप कमी करतात, तेव्हा ८० अंशांना यंत्र बंद पडत नाही. परंतु पंख्याची गती प्रोसेसरच्या तापमानावरून ठरत असल्याने ६२ अंशांना कुजबुजणारा पंखा ८० अंशांना पूर्ण जोराने घोंघावू लागतो. जानेवारीत शांत असलेला तोच संगणक मे महिन्यात कर्कश होतो, त्याचे कारण यंत्रातला बिघाड नसून खोलीतली हवा हे असते. कोणताही पंखा किंवा हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही.

पंख्याच्या आवाजाचे गणित मात्र माणसाच्या बाजूचे आहे. हवेचा प्रवाह फेऱ्यांच्या सरळ प्रमाणात बदलतो, पण आवाज त्याहून कितीतरी वेगाने बदलतो; ढोबळ नियमाने फेऱ्या निम्म्या केल्या की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबलची उतरण कानाला निम्म्या आवाजासारखी वाटते. एकसारख्या दोन पंख्यांचा एकत्रित आवाज एकापेक्षा केवळ ३ डेसिबलने जास्त असतो. यावरून असे निघते की, पूर्ण वेगाच्या एका पंख्याऐवजी निम्म्या वेगाचे दोन पंखे लावले तर हवा साधारण तेवढीच मिळून आवाज सुमारे १२ डेसिबलने खाली येतो. पंख्याचा व्यास वाढवण्याचा लाभ याहून मोठा आहे, कारण त्याच फेऱ्यांत १२० मिलिमीटरचा पंखा ८० मिलिमीटरच्या पंख्याच्या तिप्पटीहून अधिक हवा ढकलतो. म्हणून शांत थंडाव्याचा पहिला घरगुती उपाय म्हणजे मोठे, संथ आणि एकाहून अधिक पंखे, आणि मदरबोर्डच्या चार पिनांच्या जोडणीतून बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन त्यांच्या फेऱ्यांची चढण सौम्य करणे. जुन्या काळी पंख्याची तार एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, १२ आणि ५ व्होल्टच्या तारांमध्ये जोडून त्याला सातच व्होल्ट देण्याची युक्ती चाले. ती चुकीच्या तारेला जोडली तर नुकसान होते आणि आज तिची गरजही उरलेली नाही.

कॅबिनेट उघडल्यावर आवाजाचे आणखी काही उगम दिसतात. पुष्कळ स्वस्त कॅबिनेटांत पंख्यासमोरची जाळी वेगळी नसते, पत्र्यालाच भोके पाडून ती तयार केलेली असते; पाती या भोकांच्या अगदी जवळून जातात तेव्हा प्रत्येक पात्यागणिक हवेला झटका बसून एकसुरी गुणगुण निघते. मिनिटाला १,२०० फेऱ्या घेणाऱ्या सात पात्यांच्या पंख्यात हे झटके सेकंदाला १४० वेळा बसतात, आणि असा स्थिर सूर डेसिबलच्या आकड्यापेक्षा कानाला जास्त खुपतो. पत्राकात्रीने ही भोकांची जाळी कापून तेथे तारेची गोल जाळी बसवली की सूर विरतो आणि हवाही मोकळी होते. मात्र कापण्यापूर्वी मदरबोर्ड आणि एसएमपीएस बाहेर काढलेच पाहिजेत, कारण पत्र्याचा एखादा कीस सर्किटवर राहिला तर शॉर्टसर्किट होऊन सगळाच खेळ आटोपतो. पंखा स्क्रूऐवजी रबरी खुंट्यांवर बसवला तर त्याची थरथर पत्र्यात उतरत नाही. थर्मल पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका पुरतो, जाड थर उलट अडथळा वाढवतो. माणदेशात, म्हणजे म्हसवडच्या या पट्ट्यात, धुळीची जाळी केवळ सोय म्हणून बसवायची वस्तू नव्हे. हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा थर बसला की अडथळा ०.३चा ०.४ व्हायला फार दिवस लागत नाहीत, आणि पंखा तेवढाच जोर वाढवतो. जाळी हवेच्या प्रवेशाच्या बाजूला हवी, सहज निघणारी हवी आणि उन्हाळ्यात आठवड्याला झटकली जायला हवी.

याच्या पुढची पायरी पाण्याची. पाण्याची उष्णता सामावण्याची क्षमता इतकी मोठी आहे की, मिनिटाला एक लिटर पाणी तांब्याच्या ठोकळ्यातून प्रोसेसरवरून फिरवले तर १५० वॅट वाहून नेताना ते दोनच अंशांनी तापते. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात प्रोसेसरला भिडवलेल्या द्रवाने थेट थंडावा देण्याची पद्धत वापरली आहे, तिचे मूळ तत्त्व हेच. हौशी मंडळींनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीच्या हीटरचा रेडिएटर आणि मत्स्यालयाचा पंप जोडून हीच गोष्ट घरी केली. पाणी उष्णता वाहून नेते, ती नाहीशी करत नाही, हे मात्र अनेकदा विसरले जाते: रेडिएटरला पंखे लागतातच, आणि पाण्याचा खरा लाभ एवढाच की ते पंखे मोठे व संथ ठेवता येतात. पंपाची गुणगुण त्यात नव्याने भर घालते. पंप फोमच्या जाड तुकड्यावर ठेवला, कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू दिला नाही, तर ती बरीच दबते. मत्स्यालयाच्या पंपाचा प्लग स्वतंत्र असल्यामुळे संगणक सुरू आणि पंप बंद अशी वेळ येऊ शकते, म्हणून दोन्ही एकाच बटणावर असावेत. तांब्याचा ठोकळा आणि ॲल्युमिनिअमचा रेडिएटर एकाच पाण्यात कधीही जोडू नये, कारण दोन धातूंत विद्युतरासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनिअम झिजते. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी बारीक नळ्यांत पांढरा थर बसवते, तेव्हा या नळ्यांत डिस्टिल्ड वॉटरच हवे.

म्हसवडच्या हवामानाला खास अनुकूल असा एक उपाय मात्र थंड देशांत गैरसोयीचा समजला गेला, तो बाष्पीभवनाचा. तापलेले पाणी उभ्या प्लास्टिकच्या नळीत वरून झारीसारखे पाडायचे, खालून संथ पंख्याने हवा वर सोडायची, आणि तळाशी जमलेले थंड पाणी पुन्हा प्रोसेसरकडे पाठवायचे, अशी ही रचना असते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने हे पाणी गार होते. ४० अंशांच्या आणि २० टक्के आर्द्रतेच्या हवेत बाष्पीभवनाने पाणी तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात उष्णता चालूच असल्याने ते काही अंश वर राहते, तरीही खोलीच्या तापमानाखाली जाण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. बर्फ किंवा रेफ्रिजरेटरसारख्या उपायांत थंड नळीवर दव जमून सर्किट भिजण्याची भीती असते, ती येथे नाही, कारण खोलीतलीच हवा वापरली तर बाष्पीभवनाने गार झालेले पाणी त्या हवेच्या दवबिंदूखाली जातच नाही.

मग या उपायाचा प्रसार का झाला नाही, याचे उत्तर पाण्याच्या हिशेबात आहे. १५० वॅट उष्णता केवळ बाष्पीभवनाने घालवायची तर ताशी पाव लिटरच्या आसपास पाणी उडून जाते, म्हणजे अहोरात्र चालणाऱ्या यंत्राला दिवसाकाठी पाच-साडेपाच लिटर. त्यातले क्षार मागेच उरत असल्याने पाणी दिवसेंदिवस दाट होत जाते, आणि डिस्टिल्ड वॉटर रोज एवढे ओतणे परवडत नाही. ज्या तालुक्याने टँकरच्या रांगा अनेक उन्हाळ्यांत पाहिल्या, तेथे मे महिन्यात हौसेच्या वेगासाठी पाणी हवेत सोडावे का, हा प्रश्न तंत्राच्या पलीकडचा आहे. शिवाय पावसाळ्यात हवा दमट झाली की हा लाभ झपाट्याने आटतो, आणि बंद खोलीत तर नळीतून सुटणारी वाफच हवा दमट करून टाकते. प्रयोग म्हणून ही रचना सुंदर आहे, रोजच्या वापराला ती योग्य नाही.

उरतो तो सर्वांत कमी दिखाऊ उपाय, आणि तोच सर्वांत फलदायी ठरतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, तर ती त्याच वर्गाने घटतेही. उत्पादक प्रत्येक नगाला थोडे जास्तच व्होल्टेज देऊन ठेवतो, कारण एकाच घाटणीचे सगळे नग सारख्या गुणाचे निघत नाहीत. हातातला नग चांगला असेल तर वेग तोच ठेवून व्होल्टेज पाच टक्क्यांनी उतरवता येते आणि उष्णता सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. बायोसमधून व्होल्टेज एकेका लहान पायरीने खाली आणायचे, प्रत्येक पायरीवर काही तास जड गणन चालवून संगणक अडखळतो का पाहायचे, आणि अडखळला की एक-दोन पायऱ्या वर यायचे, एवढीच रीत आहे; मात्र काही मदरबोर्ड आणि प्रोसेसर ही मुभा देत नाहीत. लग्नाच्या चित्रफिती जोडणाऱ्याला किंवा ध्वनिमुद्रण करणाऱ्याला शेवटच्या पाच टक्के वेगापेक्षा मायक्रोफोनमध्ये न शिरणारी शांतता जास्त मोलाची असते. ज्या म्हसवडमधून ‘माणदेशी तरंग’ ही सामुदायिक रेडिओ वाहिनी बोलते, तेथे हा फरक समजावून सांगावा लागू नये.

खर्चाचा क्रम त्यामुळे उलटा लावणे बरे: व्होल्टेज आणि धूळ यांना पैसे जवळजवळ लागत नाहीत, मोठ्या पंख्यांना थोडे लागतात, आणि पाण्याकडे वळावे ते हे सगळे करूनही आवाज खुपत असेल तरच. प्रोसेसरचे वेग-व्होल्टेजचे आकडे हिवाळ्याच्या थंड रात्री बसवले असतील, तर एप्रिल लागताच भर दुपारी, खोलीचे दार लावून, ते पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.