लोणारचं पाणी आणि चिमूटभर हळद

परवा आम्ही चार मैत्रिणी लोणारला होतो. सकाळी दैत्यसूदन मंदिर, मग गोमुखाची धार, आणि तिथून पायऱ्या उतरून सरोवराच्या काठावर.

वाटाड्यादादांनी तळ्याचं पाणी बाटलीत घेतलं, त्यात चिमूटभर हळद टाकली. पाणी लालभडक! बरोबरची म्हणाली, "अगं, हे तर कुंकू झालं!"

जादू नाही, रसायनशास्त्र आहे. हळद अल्कधर्मी पाण्यात लाल होते आणि या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. वरच्या गोमुखाचं पाणी मात्र गोडं. मग खाली असं का? कारण इथे झऱ्यांचं पाणी येतं, पण बाहेर जायला वाटच नाही. ऊन पाण्याची वाफ करतं, क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चाललंय.

पुष्कळांना सरोवराचं हे विवर ज्वालामुखीचं तोंड वाटतं. तसं नाही. इथल्या खडकात मॅस्केलिनाइट ही काच सापडली. ती प्रचंड आघाताच्या दाबानेच बनते, ज्वालामुखीत तेवढा दाब नसतो. म्हणजे अशनी आदळला आणि बसाल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं हे विवर झालं.

२०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं होतं, आठवतं? पाणी आटून खारटपणा वाढला आणि क्षारप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले. त्याच वर्षी लोणारला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला.

हे रामसर क्षेत्र आहे, तेव्हा काठावर प्लास्टिक अजिबात टाकू नका, ही कळकळीची विनंती.

जायचं ठरवताय? काही विचारायचं असेल तर खाली लिहा, नक्की सांगेन.