दमलेला श्वास आणि खचलेले मन



कापड गिरणीच्या ब्लो-रूम आणि कार्डिंग खात्यांत राबलेल्या माणसाला सोमवारची धास्ती असते. रविवारच्या सुटीनंतर कापसाच्या धुळीत पाऊल पडले, की काही तासांत छाती आवळते. आठवडा सरेल तशी ती सैल होते. पुढे मंगळवारही तसाच जातो, आणि वर्षे लोटली की रोजच सोमवार होतो. या रोगाचे नाव बिसिनोसिस. एक्स-रेत त्याची अशी खास खूण उमटत नाही. म्हणून धापा टाकणाऱ्या कामगारालाच कामचुकार ठरवले जाते.

खुद्द फुफ्फुसाला वेदनेची जाणीव जवळजवळ नसते. मग दुखते काय? श्वास ओढण्यासाठी मान, खांदे आणि बरगड्या यांचे स्नायू दिवसरात्र राबतात, तेच ठणकतात. सततच्या खोकल्याने कधी बरगडीही मोडते. दुखते म्हणून माणूस श्वास आखडून घेतो, आणि धाप अधिकच वाढते.

याहून वाईट ती भीती. जीव घाबरला की श्वास भरभर चालतो. आतली हवा पुरती बाहेर पडण्याआधीच नवी आत शिरते, छाती फुगून राहते आणि गुदमरल्यासारखे होते. त्याने भीती आणखी वाढते. मग माणूस जिना टाळतो, बाजार टाळतो, लग्नकार्य टाळतो. बसून बसून पाय दुबळे होतात. चार पावलांत दम लागतो. मिळवता हात घरच्यांवर ओझे झाला, ही टोचणी निराळीच. ही मनाची दुर्बळता नव्हे. रोगाचाच तो एक भाग आहे.

यावर उपाय आहेत. गेलेले फुफ्फुस परत येत नाही. पण ओठ आवळून सावकाश श्वास सोडला, तर कोंडलेली हवा बाहेर पडते. देखरेखीखाली बेताबेताने चालण्याचा व्यायाम ठेवला, तर धाप कमी होते आणि मनालाही उभारी येते. उदासी फार दिवस टिकली, तर तिच्यावरही औषधोपचार करावेत. त्यात लाज कसली?

इटलीतील वैद्य रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला त्याचा धंदा विचारावा, असे वैद्यांना बजावले. मित्रहो, त्या प्रश्नाला आपण आणखी दोन जोडू या: दुखते कुठे? आणि झोप लागते का? नुकसानभरपाईसाठी श्वास यंत्रावर मोजता येतो. दुखणे आणि भीती मात्र विचारल्यावाचून कळत नाहीत. ते विचारणे डॉक्टरांचे काम आहे, युनियनचे आहे, आणि शेजाऱ्याचेही आहे.