टॅब्लेटची बाजारपेठ : स्पर्धा यंत्रांची की ॲप-भांडारांची?

टॅब्लेट संगणकाची निवड करताना सामान्यतः पडद्याचा आकार, बॅटरीची क्षमता आणि किंमत यांचा विचार होतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र निर्णायक प्रश्न वेगळा आहे : त्या यंत्रावर कोणती ॲप्स चालतील, हे कोण ठरवितो? या बाजारपेठेतील स्पर्धेचे खरे स्वरूप त्या उत्तरावर अवलंबून असते.

बंगळुरूचा अनुभव

बंगळुरूच्या उत्तरेस हेब्बाळ आणि लगतच्या नागवारा परिसरात सॉफ्टवेअर उद्योग मोठ्या प्रमाणावर एकवटला आहे. मनुष्यबळाची उणीव नसलेल्या याच शहरातील नोशन इंक या नवोदित कंपनीने ‘ॲडम’ हा टॅब्लेट २०११ च्या प्रारंभी ग्राहकांना पाठविण्यास सुरुवात केली. उन्हातही वाचता येणारा पिक्सेल क्यूआय पडदा हे त्याचे वैशिष्ट्य होते. अँड्रॉइड ही कार्यप्रणाली मुक्त स्रोत असल्याने कंपनीला ती वापरता आली. परंतु गूगलचे अँड्रॉइड मार्केट हे ॲप-भांडार त्यावर उपलब्ध नव्हते. अँड्रॉइड २.२ ही आवृत्ती टॅब्लेटसाठी अनुकूल नाही, अशी गूगलची तेव्हाची भूमिका होती. त्यामुळे कंपनीने ‘जेनेसिस’ हे स्वतःचे भांडार उभारण्याचा मार्ग धरला. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी आणलेल्या पहिल्या ‘आकाश’ टॅब्लेटवरही अँड्रॉइड मार्केट नव्हते.

यामागील तत्त्व ‘जाळे-परिणाम’ या संज्ञेने ओळखले जाते. जेथे ग्राहक अधिक, तेथे ॲप-निर्माते अधिक; आणि जेथे ॲप्स अधिक, तेथे पुन्हा ग्राहक अधिक. नव्या भांडाराकडे आरंभी दोन्ही नसतात. कार्यप्रणाली विनामूल्य मिळाली तरी बाजारपेठेचे प्रवेशद्वार मोकळे होतेच असे नाही.

कायद्याची भूमिका

स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ४ नुसार वर्चस्व असणे हा दोष नव्हे. वर्चस्वाचा गैरवापर निषिद्ध आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्ले स्टोअर हवे असल्यास गूगलची अन्य ॲप्सही आधीच बसविण्याची अट, तसेच अँड्रॉइडच्या बदललेल्या आवृत्त्यांवर चालणारी साधने विकण्यास करारान्वये असलेला प्रतिबंध, यांवर आयोगाने आक्षेप घेतला. ॲपल आपली कार्यप्रणाली अन्य उत्पादकांना देत नाही. म्हणून ‘परवान्यावर मिळणाऱ्या कार्यप्रणालीं’च्या बाजारपेठेत आयोगाने तिचा समावेश केला नाही, हे परीक्षार्थींनी लक्षात घ्यावे. संबंधित बाजारपेठेची व्याख्या बदलली, की वर्चस्वाचा निष्कर्षही बदलतो.

राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे चार निर्देश रद्द केले. प्ले स्टोअरमधून अन्य ॲप-भांडारे वितरित करू देण्याचा निर्देश त्यांपैकी एक होता.

युरोपीय संघाने वेगळा मार्ग स्वीकारला. गैरवापर सिद्ध होण्याची वाट न पाहता डिजिटल बाजारपेठ कायद्याने मोठ्या मंचांवर पूर्वनिश्चित बंधने घातली. ॲपलची आयपॅडओएस ही कार्यप्रणाली संख्यात्मक निकषांत पूर्णपणे बसत नसतानाही २९ एप्रिल २०२४ रोजी ती या कायद्याच्या कक्षेत आणली गेली. त्यानंतर युरोपातील आयपॅडवर अन्य ॲप-भांडारांना वाट मिळाली.

दुसरी बाजू

निर्बंधांचे समर्थनही निराधार नाही. एकच तपासणी-केंद्र असल्यास फसव्या ॲप्सना आळा घालणे सोपे जाते. आवृत्त्यांची एकरूपता राहिल्याने ॲप-निर्मात्याचा खर्चही घटतो. म्हणून प्रत्येक निर्बंधाबाबत दोन कसोट्या लावाव्यात : तो सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे काय? आणि तेच उद्दिष्ट कमी जाचक उपायाने साधता येईल काय?

हा प्रश्न विद्यार्थ्यांना दूरचा नाही. महाराष्ट्रात ‘महाज्योती’ संस्थेने जेईई, नीट यांसारख्या परीक्षांच्या प्रशिक्षणार्थींना मोफत टॅब्लेट दिले आहेत. सार्वजनिक निधीतून अशी खरेदी होते तेव्हा निविदेत केवळ किंमत आणि स्मरणक्षमता पाहणे पुरेसे नाही. मराठीतील अभ्यास-ॲप तयार करणाऱ्या लहान उद्योजकाला त्या यंत्रापर्यंत कोणत्या अटींवर पोहोचता येईल, हेही तपासले पाहिजे. ही वाट एकाच कंपनीच्या संमतीवर अवलंबून राहिली, तर यंत्रे अनेक असूनही विद्यार्थ्यापुढील निवड मर्यादितच राहील.