चार सेक्टर आणि झोपेचा हिशेब

सकाळी सहाच्या मुंबई–दिल्ली विमानाचा वैमानिक अडीचच्या गजराने उठतो. म्हणजे आदल्या संध्याकाळी सात-साडेसातलाच आडवे व्हायचे. नेमके तेव्हाच सोसायटीच्या आवारात क्रिकेट रंगात आलेले असते आणि घरात कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या असतात. परवाची ड्यूटी मध्यरात्री संपली असली तरी आज सातला डोळा लागावा, अशी रोस्टरची अपेक्षा. या पेशातला पगार, गणवेशावरच्या पट्ट्या आणि हॉटेलांतले मुक्काम लोकांना दिसतात. झोपेचा हिशेब मात्र घरच्यांनाच ठाऊक असतो.

विमानतळावर पोचल्यावर पहिले काम नळीत फुंकर मारण्याचे. उड्डाणाआधी बारा तास मद्य वर्ज्य आहे आणि अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा चालत नाही. श्वासचाचणीत दोषी ठरल्यास पहिल्याच वेळी तीन महिने उड्डाणबंदी होते.

मग ब्रीफिंग. मोठ्या कंपन्यांत हजारो वैमानिक असल्यामुळे कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर कित्येकदा इथेच पहिल्यांदा भेटतात. शेजारी बसलेली फर्स्ट ऑफिसर मुलगी असली, तर आता कोणी वळूनही पाहत नाही. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी केवळ महिला कर्मचाऱ्यांसह कोलकात्याहून सिल्चरला फॉकर फ्रेंडशिप नेले, तेव्हा मात्र त्याची बातमी झाली होती.

दोघे हवामान पाहतात, कुठली धावपट्टी किंवा टॅक्सीवे बंद आहे ते वाचतात आणि मुख्य म्हणजे इंधन ठरवतात. दिल्लीपर्यंतचे, थोडे वरकड, दिल्लीत उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचे, आणि त्याउपर अर्धा तास घिरट्या घालण्याइतके राखीव. जानेवारीत दिल्लीबरोबर जयपूरही धुक्यात बुडाले असेल, तर पर्याय आणखी लांबचा धरावा लागतो. जास्त इंधन म्हणजे जास्त वजन, आणि ते वजन वाहायलाही पुन्हा इंधन जळते. कंपनीचा संगणक आकडा सुचवतो. शेवटचा शब्द कॅप्टनचा.

यानंतरचे काम प्रवाशांना खिडकीतून दिसते, पण सहसा कोणी पाहत नाही. फ्लोरोसंट जॅकेट घातलेला एक वैमानिक टॉर्च घेऊन विमानाभोवती प्रदक्षिणा घालतो. टायर कुठे कापले गेलेत का, ब्रेकजवळची छोटी पिन किती बाहेर उरली आहे (ती ब्रेकची झीज सांगते), इंजिनाच्या पात्यांना पक्ष्याच्या धडकेने टवका पडलाय का. नाकाजवळच्या बोटभर नळ्यांपाशी तो जरा जास्त थांबतो. वेग मोजायचा तो त्यांतून शिरणाऱ्या हवेवरून, आणि कुंभारमाशीने आत मातीचे घर केले तर वेगाचा आकडाच खोटा ठरतो. जुलैत ही फेरी भर पावसातही चुकत नाही.

विमान कोण चालवणार हे दर सेक्टरला, म्हणजे दर उड्डाणाला, आलटून-पालटून ठरते. एकाने चालवायचे, दुसऱ्याने रेडिओ सांभाळायचा, तपासणीची यादी वाचायची आणि पहिल्यावर डोळा ठेवायचा. हा दुसरा कनिष्ठ असला तरी चूक बोलून दाखवणे हे त्याचे कामच आहे. दहा हजार फुटांखाली अवांतर गप्पा बंद. ‘विमान तर आपोआपच उडतं ना?’ हा प्रश्न प्रत्येक वैमानिकाला लग्नसमारंभात ऐकावा लागतो. ऑटोपायलट सांगितले तेवढेच करतो, हे त्याचे खरे उत्तर. स्वच्छ हवेत विमान बहुतेक वेळा माणूसच हाताने उतरवतो. दिल्लीच्या दाट धुक्यात मात्र हे काम यंत्राकडे जाते आणि त्यासाठी वैमानिकाला वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते.

परत येताना मुंबई. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये या विमानतळाने एका दिवसात १,००७ विमानांची ये-जा हाताळली. पावसाळी संध्याकाळी आकाशात रांग लागते, आणि घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून खाली येताना वारा अचानक फिरला तर विमान पुन्हा वर न्यावे लागते. केबिनमध्ये कुजबुज सुरू होते. कॉकपिटमध्ये मात्र तो सरावातला भाग असतो.

विमान असे पुन्हा वर न नेल्याने काय होते, हे ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला दिसले. दुबईहून आलेले विमान पावसात धावपट्टीवर बरेच पुढे टेकले आणि पठाराच्या कडेवरून खाली कोसळले. हवाई दलात नावाजलेले कॅप्टन दीपक साठे यांच्यासह २१ जण गेले. ठरलेली पद्धत पाळली गेली नाही, असे चौकशी अहवालाने म्हटले. त्याच अहवालात त्या तळावर कॅप्टन अपुरे असल्याचा आणि साठे यांना दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण न्यायचे असल्याचाही उल्लेख आहे. रोस्टर कॉकपिटमध्ये असा येऊन बसतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याला निघालेला एक कॅप्टन नागपूरच्या बोर्डिंग गेटपाशी कोसळला आणि गेला. थकवा हेच कारण होते असे म्हणता येत नाही, पण थकव्याची चर्चा त्यानंतर थांबली नाही. जानेवारी २०२४ मध्ये हवाई वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीएने नियम बदलले: साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्रीची व्याख्या पहाटे सहापर्यंत आणि रात्रीच्या ड्यूटीत सहाऐवजी दोनच लँडिंग. कंपन्यांना दीड वर्षाहून अधिक मुदत मिळाली. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. सरकारने कंपनीला रात्रीच्या नियमांतून फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत दिली. वेळेत माणसे न वाढवल्याचा भार असा पुन्हा वैमानिकाच्या झोपेवर टाकला गेला. हे योग्य झाले नाही.

तेव्हा ‘क्रूची ड्यूटी संपल्यामुळे’ उड्डाणाला उशीर होतोय अशी घोषणा झाली, तर काउंटरवरच्या मुलीशी भांडू नका. जाब विचारायचाच तर रोस्टर आखणाऱ्या कंपनीला विचारा, आणि तोही लेखी.