रडीचा डाव कोणता?

मुलांनो, आमची शाळा आष्टीची. वर्धा जिल्ह्यातली, संत्र्यांच्या बागांच्या मुलखातली. शाळेत संगणक आहे, पण पावसाळ्यात लाईन कधी जाईल आणि नेट कधी बंद पडेल याचा काही नेम नसतो. गंमत म्हणजे नेट गेलं की माझे विद्यार्थी हिरमुसत नाहीत. उलट खूश होतात! कारण नेट नसलं की क्रोम ब्राउझरच्या पानावर एक चिमुकला डायनासोर उभा राहतो. लांब बटण दाबलं की तो पळू लागतो. वाटेतल्या निवडुंगांवरून त्याला उड्या मारायला लावायच्या. धडकला की खेळ खलास!

एका शनिवारी संगणकाभोवती ही गर्दी जमली. पाचवीतला एक मुलगा मधोमध बसलेला. त्याचा डायनो निवडुंगाला धडकत होता आणि आरपार निघून जात होता. गुण वाढतच चालले होते.

"सर, पाहा ना जी! माहा डायनो मरतच नाई!"

"अरे, हे कसं काय?"

मग कळलं. त्याचा चुलतभाऊ कॉलेजात संगणक शिकतो. त्यानं दाखवलं होतं की एफ-१२ हे बटण दाबलं की ब्राउझरमध्ये एक खिडकी उघडते. पान कसं बनलं आहे हे तिथं दिसतं. तिथं एक ओळ लिहिली की 'धडकल्यावर खेळ संपव' ही आज्ञाच पुसली जाते.

"चिटिंग! चिटिंग!" पोरं ओरडली. "रडीचा डाव!"

तो मात्र शांतपणे म्हणाला, "काहून? म्या कोनाले हरवलं का?"

खरं सांगू? या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ तयार नव्हतं. मी म्हटलं, "सोमवारी सांगतो." शनिवार-रविवार मी त्याच विचारात होतो.

गुणपत्रक आणि रजिस्टर

सोमवारी वर्गात मी आधी हे सांगितलं की ती खिडकी चोरांसाठी बनवलेली नाही. वेबसाइट बनवणारे लोक तिचा रोज उपयोग करतात. कुठं चूक झाली, चित्र का दिसत नाही, हे ते तिथं शोधतात. ज्याला शिकायचं आहे त्यानं ती जरूर उघडून पाहावी. घड्याळ उघडून त्याची चक्रं पाहण्यासारखंच आहे ते.

डायनोचा खेळ पूर्णपणे आपल्याच संगणकावर चालतो. समोर कुणी प्रतिस्पर्धी नाही. तिथं नियम बदलून पाहिले तर कुणाचं काही बिघडत नाही. पत्त्यांचा डाव एकट्यानंच मांडावा आणि मधेच पान उलटून पाहावं, तसं हे. मात्र त्या गुणांचा फोटो काढून "बघा, मी खेळून मिळवले!" असं मित्रांना सांगितलं, की त्याच क्षणी ते खोटं होतं. खेळ तोच, गुण तेच. बदललं काय? आपलं बोलणं!

"सर, नेटवरच्या गेममधेबी आकडा बदलवता येते?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

त्यासाठी मी फळ्यावर दोन चौकोन काढले. एकाला नाव दिलं गुणपत्रक, दुसऱ्याला रजिस्टर. समजा, तुम्हाला गणितात ४५ गुण मिळाले. घरी जाता जाता तुम्ही गुणपत्रकावरच्या ४५ चे ९५ केले. पण शाळेच्या रजिस्टरमध्ये काय राहील? ४५च! नेटवरच्या बहुतेक खेळांचं असंच असतं. खरे गुण दूरच्या एका संगणकात लिहिलेले असतात. त्याला सर्व्हर म्हणतात. आपल्या पडद्यावरचा आकडा आपण खोडला, तरी सर्व्हरवरचा आकडा तसाच राहतो. पान पुन्हा उघडलं की ४५!

म्हणून मग काही जण दुसरी वाट धरतात. स्वतःच बटण दाबत राहणारी, आपोआप नेम धरणारी साधनं ब्राउझरला किंवा खेळाला जोडतात. इथं मात्र समोर दुसरा खेळाडू असतो. त्याला वाटतं, आपण माणसाशी खेळतोय. प्रत्यक्षात तो यंत्राशी झुंजत असतो, तेही न कळता.

मदत कधी चालते?

मुलांनो, प्रत्येक साधन म्हणजे रडीचा डाव, असंही समजू नका. ज्याला अक्षरं बारीक दिसतात त्यानं पान मोठं केलं, तर ती काही लबाडी नव्हे. चष्मा लावून क्रिकेट खेळणाऱ्याला आपण बाद देतो का?

बुद्धिबळाचंच पाहा. १९९७ साली डीप ब्लू या संगणकानं जगज्जेत्या कास्पारोव्हला सहा डावांच्या सामन्यात हरवलं. आज साध्या मोबाईलमधलं बुद्धिबळाचं इंजिनसुद्धा कोणत्याही माणसाला भारी पडतं. इंजिन म्हणजे उत्तम चाल शोधून देणारा प्रोग्रॅम. मोठमोठे खेळाडू सरावासाठी रोज तो वापरतात. मग चूक कुठं होते? डाव चालू असताना वापरला तर!

यातही एक बारकावा आहे. चेस डॉट कॉम या संकेतस्थळावर घड्याळ लावून समोरासमोर डाव खेळताना कसलीच मदत घ्यायची नसते. पण एकेका चालीला दिवस-दिवस मिळतात अशा डावात सुरुवातीच्या चालींचं पुस्तक उघडून पाहता येतं. इंजिन मात्र तिथंही नाही. म्हणजे पुस्तक तेच, पण एका डावात चालतं आणि दुसऱ्यात चालत नाही. का? कारण खेळायच्या आधी दोघांनी मान्य केलेले नियम वेगळे. आपण गोट्या खेळायच्या आधी नियम ठरवून घेतो ना, अगदी तसंच!

२०२१ साली करोनाग्रस्तांना मदत मिळावी म्हणून विश्वनाथन आनंद काही नामवंत मंडळींशी ऑनलाइन खेळले. त्यांपैकी एका उद्योजकानं आनंदना चक्क हरवलं! सगळे चकित झाले. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी कबूल केलं की डाव चालू असताना आपण जाणकारांची आणि संगणकाची मदत घेतली होती. त्यांनी माफीही मागितली. सामना तर गमतीचा आणि चांगल्या कामासाठी होता. तरी लोकांना वाईट वाटलं, कारण समोर आनंद एकटेच होते.

आता याच्या उलट एक गोष्ट ऐका, आपल्या नागपूरच्या मुलीची. ३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिम्पियाडचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध रशिया. आपला कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी. चौदा वर्षांची दिव्या देशमुखही संघात होती. ऐन डावात दिव्याचं आणि केरळच्या निहाल सरीनचं नेट तुटलं. घड्याळ पळत राहिलं आणि दोघांचे डाव वेळेवर हरल्याचं दिसलं. भारतानं दाद मागितली. त्या दिवशी जगात अनेक ठिकाणी इंटरनेट कोलमडलं होतं. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेनं दोन्ही संघांना संयुक्त विजेते जाहीर केलं.

विचार करा. पडद्यावर तर 'हरली' असं आलं होतं. पण यंत्र तुटल्यामुळे आलेली हार खरी मानली गेली नाही. मग यंत्रामुळे मिळालेली जीत तरी खरी कशी? हीच दिव्या २०२५ साली जॉर्जियातल्या बाटुमी इथं महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. तो विजय तिच्याकडून कुणी हिरावून घेऊ शकत नाही!

दुसरी टॅब

तास संपला. पोरं बाहेर पळाली. डायनोवाला मात्र जागेवरच बसून होता. जवळ गेलो तर खाली मान घालून म्हणाला, "सर, एक गोष्ट सांगायची आहे जी."

आर्वीला त्याची मामेबहीण राहते. दोघं रोज संध्याकाळी वडिलांच्या फोनवरून बुद्धिबळ खेळायची. आधी तीच जिंकायची. मग यानं शक्कल काढली. ब्राउझरची दुसरी टॅब उघडायची, तिथं बहिणीची चाल टाकायची आणि इंजिन सांगेल ते इकडे खेळायचं. महिनाभर तो रोज जिंकला. एके दिवशी बहीण म्हणाली, "मले बुद्धिबळ जमतच नाई. मी नाई खेळत आता." आणि तिनं खेळ फोनवरून काढून टाकला.

"म्या तिले हरवलंच नाई, सर," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

मी रागावलो नाही. शनिवारच्या त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याला स्वतःलाच सापडलं होतं. मी एवढंच म्हटलं, "हे तू मला सांगितलंस. पण ऐकायला हवं ते तिनं."

त्या दिवशी वर्गासाठी मी तीन प्रश्न लिहून ठेवले. तुम्हीही वहीत उतरवून घ्या.

१. समोर दुसरा खेळाडू आहे का?

२. या खेळात ज्याची कसोटी आहे, ते काम मी करतोय की यंत्र?

३. हेच मी त्याच्यासमोर उघडपणे करू शकेन का?

तिसरा प्रश्न सगळ्यांत सोपा आहे आणि सगळ्यांत अवघडही!

पालकांनाही एक विनंती. 'फुकट नाणी मिळवा', 'हमखास जिंका' अशी लालूच दाखवून अनोळखी फाइल किंवा एक्स्टेन्शन मुलांच्या गळ्यात मारतात. त्यातून फोनमधले पासवर्ड चोरीला जाऊ शकतात. आणि त्याच फोनवर आपले बँकेचे व्यवहार असतात. म्हणून फोन हिसकावून घेण्यापेक्षा कधी मुलाशेजारी बसून विचारा, "काय खेळतोस रे? मलाही दाखव."

तान्ह्या पोळ्याला ती मामेबहीण आष्टीला आली. सकाळी तो तिच्याशी काय बोलला, मला ठाऊक नाही. पण दुपारी दोघं माझ्या घरी आली, बुद्धिबळाचा पट काखेत घेऊन. ओसरीवर डाव मांडला. पाऊणेक तासात तिनं त्याच्या राजाला मात दिली.

"आता पाहू, मी कुठं चुकलो ते!" असं म्हणत त्यानं माझा फोन मागितला. दोघांनी मिळून तोच डाव इंजिनवर घातला आणि डोक्याला डोकं लावून बसली. "अरे, इथं उंट द्यायलाच नको होता!" ती ओरडली.

इंजिन तेच होतं. पण आता ते दोघांचं होतं.