धुराची खतावणी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवरचा व्यापारी नव्या चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो आणि मग वर्षाचा पहिला आकडा मांडतो. हिशेब संगणकाकडे गेला, तरी चोपडीचा मान काही गेलेला नाही. कोण कोणाचे किती देणे लागतो हे कागदावर असावे, एवढेच त्या पूजेचे तात्पर्य. पालघर-बोईसरच्या पट्ट्यात मात्र एक माल असा आहे, की तो रोज टनावारी बाहेर पडतो आणि त्याचा हिशेब सामान्य माणसाच्या नजरेस कधीच पडत नाही. तो माल म्हणजे धूर!

कोणी म्हणेल, तारापूरच्या धुराविषयी आता आणखी काय लिहायचे? त्यावर लिहून लिहून शाई संपली! खरे आहे. पण धुरात दोन जाती असतात. एक नाकाडोळ्यांना झोंबणारी आणि दुसरी अगदी सोवळी. तिला ना रंग, ना वास. पहिलीवर पहारा आहे, दुसरी मोकळी फिरते.

पहारा कोणावर?

चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी तारापूरचा किल्ला घेतला. पुढे २८ ऑक्टोबर १९६९ रोजी येथे देशातले पहिले अणुवीज केंद्र रीतसर सुरू झाले आणि तारापूरचे नाव जगाच्या नकाशावर गेले. शेजारच्या बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. रंग, रसायने, औषधे, कापड, पोलाद असा सगळा बाजार तेथे भरला.

या वसाहतीची नोंद केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने घेतली ती फारशा गौरवाची नव्हे. २०१८ च्या मोजणीत देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा क्रमांक पहिला आला. गुण शंभरांपैकी ९३.६९. असा पहिला नंबर शत्रूच्या पोरालाही न येवो!

पण आकड्याचे सामर्थ्य पाहा. किनाऱ्यावरच्या मांगेला समाजाच्या परिषदेने सांडपाण्याविरुद्ध हरित लवादाकडे धाव घेतली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर एकूण सुमारे १६० कोटी रुपयांची भरपाई बसवली. मासे मेले ही झाली तक्रार. पाण्यात अमुक इतके विष सापडले, हा झाला पुरावा. मोजमाप झाले होते म्हणून मच्छीमाराच्या शब्दाला वजन आले.

हवेचेही मोजमाप होते. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत गंधकाच्या वायूपासून शिसे-बेंझीनपर्यंत बारा पदार्थांची मर्यादा ठरवून दिलेली आहे. त्या बारांच्या पंगतीत कार्बन डाय-ऑक्साइडला पान मांडलेले नाही. तो श्वास कोंडत नाही, डोळे चुरचुरवत नाही. फक्त पृथ्वीवर घोंगडी पांघरतो. आणि घोंगडी जड झाली हे कळते, तेव्हा अवकाळी पावसाने आंब्याचा मोहोर गळून गेलेला असतो.

अग्नीवरून धूर

मग या अदृश्य मालाचे माप घ्यायचे कसे? डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे अनुमान करावे, हे न्यायशास्त्राचे जुने उदाहरण. येथे तेच शास्त्र उलटे चालवायचे आहे. अग्नी मोजायचा आणि त्यावरून धूर ओळखायचा.

एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कर्बवायू होतो. डिझेलचे वजन किलोला कमी आणि धूर अडीच किलोच्या वर, हा काय चमत्कार? चमत्कार कसला, शाळेतले रसायनशास्त्रच ते. बारा भार कार्बनला हवेतला बत्तीस भार प्राणवायू चिकटतो आणि चव्वेचाळीस भार वायू होतो. याच न्यायाने स्वयंपाकघरातले १४.२ किलोचे गॅसचे नळकांडे संपेस्तोवर चाळीसेक किलो कर्बवायू हवेत सोडते. बॉयलरच्या कोळशाची नोंद, पेट्रोल पंपाचा खप, विजेची बिले, कचरागाडीचे वजन, एवढी कागदपत्रे एकत्र आणली की गावाची खतावणी तयार.

आता कागदावरचा हिशेब खरा की खोटा, याचा ताळा घ्यायला हवाच. तो हवेतून घेतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून सिंहगडावर हवेचे नमुने गोळा करून कर्बवायू आणि मिथेन मोजण्यास आरंभ केला. गोव्यातल्या काबो द रामा येथे त्याआधीच, १९९३ मध्ये, असे काम सुरू झाले होते. गडावरची किंवा समुद्रावरची मोकळी हवा ही मूळ शिल्लक. शहरातल्या हवेत त्याहून जे जास्त सापडते, ती शहराची स्वतःची भर. हवाई बेटावर १९५८ साली ही मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायू सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे.

नावे कोणाच्या?

खरी मेख पुढेच आहे. धूर निघाला, मोजलाही. पण तो लिहायचा कोणाच्या नावे?

बोईसरहून वाणगाव ओलांडले की डहाणू येते. तेथे १९९५ पासूनचे ५०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. कोळशाच्या विजेला युनिटमागे ढोबळमानाने एक किलो कर्बवायू धरला, तर पूर्ण क्षमतेने चाललेल्या एका तासात सुमारे ५०० टन होतो. ही वीज जाते मुंबईच्या उपनगरांना. म्हणजे धुराडे डहाणूला आणि दिवा अंधेरीला! मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा काढला. त्यात २०१९ चा हिशेब सुमारे २ कोटी ३४ लाख टनांचा आहे आणि बाहेरून आलेल्या विजेचा धूर मुंबईने आपल्या नावे मांडला आहे. सावकाराने आपण होऊन देणे कबूल करावे तसेच हे, आणि त्याबद्दल मुंबईचे कौतुकच केले पाहिजे.

पण विजेचे कबूल झाले, कापडाचे काय? बोईसरला वाफेवर रंगवलेले कापड मुंबईकर अंगावर घालतो, तेथली औषधाची गोळी देशभर गिळली जाते. बाहेरून आणलेल्या मालाचा धूर शहरे बहुधा आपल्या वहीत घेत नाहीत. तो धुराड्याच्या गावाच्या माथी राहतो. आणि ते गाव तरी कोणते? २०११ च्या जनगणनेने बोईसरला शहर म्हटले, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. वसाहत महामंडळाची, पहारा मंडळाचा, जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा निघालेला. पाच घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी या खतावणीची गत व्हायची!

म्हणून ही वही येथेच लिहिली गेली पाहिजे, आणि तीही दोन रकान्यांत. एका रकान्यात आपण जाळले ते आपल्यासाठी, दुसऱ्यात आपण जाळले ते दुसऱ्यांसाठी. पहिला रकाना आपल्याला लाजवील, आणि लाजवावेच. दुसरा रकाना हाती असला, तर स्वच्छ इंधनाच्या बॉयलरसाठी, बोईसरच्या बससाठी, किनाऱ्यावरच्या तिवरांसाठी पैसा मागताना हात पसरावा लागणार नाही. ती याचना नव्हे, वसुली असेल.

मच्छीमारांनी पाण्याच्या आकड्यावर आपला हक्क उभा केला. हवेचा आकडा अजून कोळशाच्या पावत्यांत आणि विजेच्या बिलांत सुटा सुटा पडून आहे. तो एका वहीत आणायला मोठे यंत्र नको, परदेशी तज्ज्ञ नको. चार कचेऱ्यांनी आपापली दप्तरे एका टेबलावर मांडली, तरी पहिले पान लिहून होईल.