हातातील वस्तू आणि मनातील हेतू

भाद्रपद जवळ येऊ लागला म्हणजे आमच्या पेण गावास निराळेच रूप येते. गल्लोगल्ली गणेशमूर्तींचे कारखाने, ओल्या रंगाचा वास, आणि परगावच्या मंडळींची मूर्ती नेण्याची लगबग! अशाच एका गणेशोत्सवात, काही वर्षांपूर्वी, आमच्या घरी जो प्रसंग घडला तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यात आमच्या मोठेपणाचे काही नाही. परंतु अपराध कशास म्हणावे, हा प्रश्न आम्हांस ग्रंथांनी शिकविला नाही, तो या प्रसंगाने शिकविला.

आमच्याकडे स्वयंपाकाच्या मदतीस एक वयस्क बाई असत. घरातील लहानथोर त्यांना मावशी म्हणत. गौरींचे विसर्जन झाल्यावर मावशी रोह्यास आपल्या मुलीकडे निघाल्या, आणि त्याच सकाळी देवघरातील चांदीचे पंचपाळे नाहीसे झाल्याचे ध्यानात आले. घर पाहुण्यांनी भरलेले. कोणीतरी मावशींच्या गाठोड्याकडे बोट दाखविले. मावशींनी ते स्वतःच्या हाताने सोडले, आणि जुन्या लुगड्याच्या घडीत पंचपाळे निघाले! "सासूबाईंनी ठेवायला दिले होते, परत द्यायचे राहिले," एवढेच त्या म्हणाल्या. आमच्या मातोश्री तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. त्यांना विचारले, तर त्यांना काही आठवेना. मग आमच्या तोंडून चारचौघांसमक्ष एक शब्द गेला. तो येथे लिहिण्याची गरज नाही. मावशी काही न बोलता निघून गेल्या.

सुमारे महिन्याने मातोश्रींनी सहज विचारले, "अरे, गर्दीत कोणी नेईल म्हणून ते पंचपाळे मी मावशींच्या गाठोड्यात ठेवायला दिले होते, ते आणले का परत?" आमच्या पायांखालची जमीन सरकली.

दुसऱ्या दिवशी आम्ही रोह्याची गाडी धरली. गावात आमचे एक आप्त वकिली करतात. मावशींच्या दारी एकट्याने जाण्याचा धीर होईना, म्हणून प्रथम त्यांच्याकडे गेलो. सर्व हकीगत ऐकून ते म्हणाले, "गाठोड्यात काय आहे ते तुम्ही सर्वांनी पाहिलेत, मनात काय आहे ते कोणी पाहिलेत का? न्यायालयात हा प्रश्न पहिल्या तासाला विचारला गेला असता."

मग त्यांनी जे समजावून दिले त्याचा सारांश असा. फौजदारी कायद्यात अपराधाची दोन अंगे मानली आहेत. एक दोषी कृत्य, ज्यास कायदेपंडित 'ॲक्टस रेयस' म्हणतात. दुसरे दोषी मन, म्हणजे 'मेन्स रिया'. सामान्यतः दोन्हींचा योग झाल्यावाचून अपराध पुरा होत नाही. चोरीचेच पाहा. दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून हलविणे हे कृत्य. पण ती अप्रामाणिक उद्देशाने हलविलेली असली पाहिजे. पावसाळ्यात आपली समजून दुसऱ्याची छत्री नेणारा मनुष्य विसराळू असेल, चोर नव्हे. मावशींच्या बाबतीत तर मातोश्रींची संमती होती व अप्रामाणिक हेतू नव्हता. म्हणजे दोन्ही अंगे लंगडी!

हा विचार आपल्याकडे परका नाही. स्मृतिकारांनी जाणूनबुजून केलेले पाप आणि नकळत घडलेले पाप यांत भेद करून प्रायश्चित्तेही निरनिराळी सांगितली आहेत. 1860 च्या भारतीय दंड संहितेने हेच तत्त्व कलमाकलमांत विणले, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ते कायम ठेवले आहे. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध होत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलास आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम उमजण्याइतकी समज आली होती की नाही, हे पाहावे लागते.

मनाच्या दोषातही पायऱ्या असतात. 1876 साली मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे गोविंदा नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाचा खटला आला. त्याने आपल्या पंधरा वर्षांच्या बायकोस खाली पाडले, छातीवर गुडघा ठेवला व तोंडावर मुठीने जोराचे दोनतीन तडाखे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती बिचारी मरण पावली. न्यायमूर्तींत मतभेद झाल्यामुळे निर्णय न्यायमूर्ती मेलव्हिल यांच्याकडे गेला. ठार मारण्याचा हेतू दिसत नाही, इजाही सामान्यतः मृत्यू ओढवीलच अशी नव्हती, म्हणून हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध होय, असे त्यांनी ठरविले. मुलीचा जीव गेला तो गेलाच. पण मारणाऱ्याच्या मनात काय होते, यावर अपराधाचे नाव बदलले.

1890 सालचा खंडूचा खटला याहून चमत्कारिक. त्याने सासऱ्यास ठार मारण्याच्या हेतूने डोक्यावर काठीचे तीन घाव घातले. सासरा निपचित पडला. तो मेला असे समजून, पुरावा नाहीसा करण्यासाठी खंडूने झोपडीस आग लावली. वैद्यकीय पुराव्यात निघाले की मृत्यू घावांनी नव्हे, आगीने झाला! घाव घातले तेव्हा मारण्याचे मन होते, पण त्या घावांनी मृत्यू आला नाही. आगीने मृत्यू आला, पण तेव्हा खंडूच्या समजुतीप्रमाणे मारावयास कोणी जिवंत नव्हतेच. येथेही न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. अखेर बहुमताने हा खुनाचा प्रयत्न ठरला. मन आणि कृत्य यांची गाठ एकाच क्षणी पडावी लागते, हा त्यातील इत्यर्थ. तो सर्वांसच पटतो असे नाही. पण न्यायाचा तराजू किती बारीक तोलतो, हे त्यावरून दिसते.

या नियमास अपवादही आहेत. 1962 च्या नोव्हेंबरात झुरिचहून मनिलास जाणारा एक जर्मन प्रवासी मुंबईच्या विमानतळावर 34 किलो सोन्यासह सापडला. रिझर्व्ह बँकेचा नवा निर्बंध थोड्याच दिवसांपूर्वी प्रसिद्ध झाला होता. आपणांस त्याची वार्ताही नव्हती, असे त्याचे म्हणणे. उच्च न्यायालयाने त्यास सोडले. परंतु 1964 साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्यास दोषी ठरविले, शिक्षा मात्र भोगलेल्या कारावासापुरतीच ठेवली. देशाच्या अर्थव्यवहाराचे रक्षण करणारे असे काही कायदे मनाचा शोध घेत बसत नाहीत.

"पण मन दिसत नाही, मग न्यायाधीश तरी ते कसे पाहतो?" आम्ही विचारले. वकील म्हणाले, "वागण्यावरून. वस्तू लपविली की उघड ठेवली? विचारताच मनुष्य पळाला की थांबला? पूर्वीचे वर्तन कसे? खुलासा पटण्याजोगा आहे काय? आणि शंका उरली, तर तिचा फायदा आरोपीस." आम्ही खाली पाहिले. मावशींनी गाठोडे स्वतः सोडले होते, विचारल्याबरोबर खुलासा केला होता, आणि इतक्या वर्षांत आमच्या घरातील एक चमचाही हलला नव्हता. निर्दोषपणाची प्रत्येक खूण समोर असता आम्ही फक्त चांदी पाहिली.

मग आम्ही स्वतःस याच मापाने मोजले. आमच्या हातून कृत्य घडले होते; तो शब्द चारचौघांनी ऐकला होता. मन? दुष्टावा नव्हता, असे म्हणता येईल. उतावळेपणा मात्र निश्चित होता. आणि बेदरकारपणास कायदा सर्वत्र निर्दोष मानीत नाही. भरधाव गाडी हाकून जीव घेणाऱ्याच्या मनात मारण्याचा हेतू नसला, तरी त्यास शिक्षा आहेच. जिभेच्या अशा हाकण्यास सहसा कोणी तुरुंगात घालीत नाही, इतकेच.

सायंकाळी आम्ही मावशींच्या मुलीच्या घरी गेलो व हात जोडून क्षमा मागितली. मावशींनी चहा पुढे केला, मातोश्रींची प्रकृती विचारली. परत येण्याविषयी आम्ही विनविले, तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही आलात यातच सर्व आले. पण माझे गाठोडे आता तुमच्या घरी नको."

ते पंचपाळे आजही आमच्या देवघरात आहे. घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली, आणि कोणाकडे बोट उचलू लागले, म्हणजे आम्ही प्रथम त्याच्याकडे पाहतो.